पोटाचं चित्र, आवडीचा कोड आणि घर : तिन्ही एकत्र चालवायला घेताना

हा लेख कुणासाठी आहे ते आधी सांगते. तुम्ही फ्रीलान्स चित्रं काढता: दिवाळी अंकांची, मुलांच्या पुस्तकांची, एखाद्या मसाल्याच्या पाकिटाची. शिवाय कुणी सांगितलेलं नसताना तुम्हाला सॉफ्टवेअर लिहायला आवडतं. आणि घरात माणसं आहेत, ज्यांना जेवायच्या वेळी तुम्ही पानावर हवे असता. कोडमधूनच कमवायचं असेल तर तो वेगळा विषय. इथे कोड हा छंद आहे असं धरलंय.

या विषयावरचे बहुतेक सल्ले 'पहाटे पाचला उठा' इथून सुरू होतात. मुंबईत पहाटे पाचला उठणारे लोक आधीच उठलेले असतात, पाणी भरायला नाहीतर लोकल पकडायला. माझं मत वेगळं आहे. छंदाचा वेळ झोपेतून काढायचा नाही, घरच्यांकडून उसना घ्यायचा नाही. तो चित्रांच्या दरातून काढायचा. खालच्या पायऱ्यांमध्ये दराची पायरी सगळ्यात लांबलेली दिसेल, ती त्यामुळेच.

पहिली पायरी: भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवा

फोनमधलं कॅलेंडर नको, ते फक्त तुम्हाला दिसतं. ज्या चौकोनात दुधाचा खाडा आणि गॅस सिलिंडरची तारीख लिहिली जाते, त्याच चौकोनात तुमची डेडलाइन लिहिली की ती घरातली एक गोष्ट होते.

आधी वर्ष बघा. मराठी प्रकाशनांसाठी चित्रं काढणाऱ्यांचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. अंक दिवाळीत येतो, पण चित्रांचे फोन आषाढ-श्रावणात सुरू होतात आणि गणपतीच्या आसपास सगळ्या संपादकांना सगळं एकदमच हवं असतं. त्याच सुमाराला मोदक, गावी जाण्याची तिकिटं आणि पाठोपाठ मुलांची सहामाही. तेव्हा जुलै ते सप्टेंबर या चौकोनांवर सरळ लिहून टाका: 'नवीन काही नाही'. कोड चालू ठेवायचा, वाढवायचा नाही. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ त्या मानाने मोकळा. प्रकल्पातलं जड काम तिथे ढकला. एप्रिल-मे मुलं घरी असतात, त्यामुळे त्या दोन महिन्यांवर फार भिस्त ठेवू नका.

मग आठवडा. पेन्सिलीने आधी न हलणाऱ्या गोष्टी भरा: स्कूल बस, पाण्याची वेळ, आईंची फिजिओथेरपी, नोकरी करणाऱ्या जोडीदाराची लोकल. उरलेल्या वेळेचे दोन ढीग करा, दीड तासाच्या वरचे सलग तुकडे आणि त्याखालचे. सलग तुकडे जवळजवळ सगळे चित्रांना द्यायचे, कारण अर्धवट रंगवलेल्या पानावर परत परत येण्यात डोळ्यांना रंग नव्याने जुळवावा लागतो आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. त्यातला आठवड्याचा फक्त एक सलग तुकडा छंदाला ठेवा. बाकी छंद लहान तुकड्यांवर जगेल. कसा, ते चौथ्या पायरीत.

दुसरी पायरी: दर पुन्हा मांडा

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा घरखर्चातला तुमचा वाटा महिन्याला ४०,००० रुपये आहे आणि चित्रांसाठी महिन्यात ८० तास निघतात. भागाकार केला तर तासाला ५०० रुपये. नवीन माणूस इथेच थांबतो. पण या ८० तासांतला साधारण तिसरा हिस्सा ईमेल, फोनवरच्या चर्चा, बिलं आणि दुरुस्त्यांत जातो. प्रत्यक्ष हातातला ब्रश चालतो तो ५३ तास. म्हणजे दर तासाला साडेसातशेच्या घरात गेला. सहा तासांचं एक कथाचित्र ४,५०० रुपयांचं झालं.

आता याच ८० तासांतून महिन्याला दहा तास कोडसाठी बाजूला काढा. उरले ७०, त्यातले कमाईचे सुमारे ४७. दर जातो साडेआठशेवर, आणि तेच चित्र ५,१०० रुपयांचं होतं. म्हणजे तुमच्या छंदाची किंमत चित्रामागे सहाशे रुपये आहे. हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की 'रात्री जागून करू' हा विचार किती महागाचा आहे ते कळतं. कारण सहाशे रुपये मागण्याचा संकोच वाटला म्हणून आपण झोप विकत असतो. सगळे गिऱ्हाईक वाढीव दर देणार नाहीत. जे देतात त्यांच्यापासून सुरुवात करायची, आणि नव्याने येणाऱ्याला जुना दर सांगायचाच नाही.

दराइतक्याच महत्त्वाच्या अटी. निम्मे पैसे आगाऊ. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात धरलेल्या, तिसरीपासून वेगळे पैसे. स्केच मंजूर झाल्यावर काम मधेच थांबलं तर आगाऊ रक्कम परत नाही. हे सगळं फोनवर गोड बोलून झालं तरी नंतर ईमेलवर चार ओळींत लिहून पाठवा.

चित्राचा वापरही लिहून घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढलं आणि उलट करार नसला, तर पहिली मालकी काम सांगणाऱ्याची ठरते. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी लागतं. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून काम घेतानाच्या ईमेलमध्ये आणि मग बिलावर अशी ओळ घाला: 'सदर चित्र यंदाच्या दिवाळी अंकात, छापील आवृत्तीत, एकदा वापरण्यासाठी. इतर वापरासाठी वेगळी परवानगी व मोबदला. कॉपीराइट चित्रकाराकडे.' संपादकाला मुखपृष्ठ वेबसाइटवर लावायचं असेल तर तो आधी विचारेल, आणि नंतरची वादावादी वाचेल.

पैसे उशिरा येण्याचं दुखणं सगळ्यांनाच आहे. बिल पाठवून तीन-तीन महिने 'अकाउंट्सला दिलंय' ऐकत बसण्यात जाणारा वेळही तुमचाच. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला, लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असं २००६चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम कंपनीला प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणून हल्ली मार्च आला की अकाउंट्सवाले स्वतः फोन करून उद्यम क्रमांक विचारतात. बिलाच्या वरच्या कोपऱ्यात तो छापूनच ठेवा. छोट्या, घरगुती मंडळींच्या अंकाला मात्र कायद्याची भाषा लावू नका. तिथे आगाऊ रक्कम हाच इलाज.

जीएसटीची काळजी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नाही. बिलातून टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, गेला असेल तर तो आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतो का ते वर्षातून दोनदा बघा. एवढं पुरे.

तिसरी पायरी: प्रकल्प निवडा, आणि लहान निवडा

पहिला प्रकल्प असा घ्या की त्याचा पहिला वापर तुम्ही स्वतः पुढच्या आठवड्यात कराल. चित्रकाराच्या टेबलावर अशी कामं पडलेलीच असतात. कृता हा चित्रांचा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्राम; त्यात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा लिहिता येते, टूल्स मेनूतल्या स्क्रिप्ट्समध्ये 'स्क्रिप्टर' नावाची खिडकीच दिलेली आहे. इंकस्केप या चित्रांच्या दुसऱ्या मोफत प्रोग्रामची एक्स्टेन्शन्स, म्हणजे जोडपुरवण्या, याही पायथनमध्ये लिहितात.

उदाहरण म्हणून एक बटण घेऊ. ए४ आकाराच्या अंकाला पूर्ण पानाचं चित्र द्यायचं तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (छपाईनंतर कापली जाणारी जास्तीची कड) धरून कागद होतो २१६ बाय ३०३ मिलिमीटर, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण २५५१ बाय ३५७९ पिक्सेल. संपादकाला व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवायला त्याचीच लहान जेपेग लागते, आणि स्वतःच्या पोर्टफोलिओसाठी तिसरा आकार. हे तीन एक्स्पोर्ट हाताने करताना कुठेतरी चुकीची फाइल चुकीच्या माणसाला जाते. एका बटणात तिन्ही, नावात अंक आणि तारीख घालून, ही पहिल्या प्रकल्पाची योग्य उंची. कथाचित्रांची यादी एका तक्त्यातून वाचून बिल तयार करणारी स्क्रिप्टही चालेल. (व्हॉट्सअ‍ॅपवर छपाईची फाइल 'फोटो' म्हणून पाठवू नका, ती दाबली जाते, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. हे कोडशिवायही पाळता येतं.)

उपयोगाचं काही करायचंच नसेल, गेम करायचा असेल, तरी हरकत नाही. छंदाला कारण द्यावं लागत नाही. फक्त गेम एका खोलीचा असू दे.

चित्र आणि सॉफ्टवेअर एकत्र येतात ती सगळ्यात सुंदर जागा म्हणजे फॉन्ट, आणि या शहरात तिची परंपरा आहे. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात शिकवायचे. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली खुले केलेत. कुणीही उतरवून, उघडून आत बघावं. आत बघितलंत की कळतं, अक्षर काढणं हा अर्धाच भाग. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी टाइप होते 'क'नंतर पण दिसायला हवी आधी, 'र्क'मधला रफार डोक्यावर जायला हवा, 'क' आणि 'ष' मिळून 'क्ष' व्हायला हवा. यातलं जागा बदलण्याचं काम मजकूर मांडणारं सॉफ्टवेअर करतं, पण आकार बदलण्या-जोडण्याचे नियम फॉन्टच्या पोटात लिहिलेले असतात, आणि नुसतं ते वाचण्यात एखादा हिवाळा मजेत जातो. पण पहिलाच प्रकल्प म्हणून अख्खा देवनागरी फॉन्ट घेऊ नका. जोडाक्षरांची यादी बघूनच घरातल्यांना तुमची काळजी वाटू लागेल. हवं तर दहा आकडे काढा, ० ते ९. त्यांत जोडाक्षरं नाहीत.

चौथी पायरी: तुकड्यांत काम करायला शिका

लहान तुकड्यात कोड लिहिण्याची खरी अडचण म्हणजे मागच्या वेळी कुठे होतो ते आठवण्यातच अर्धा वेळ जातो. यावर उपाय एकच: उठायच्या आधीची पाच मिनिटं चिठ्ठी लिहायला. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये 'पुढे' नावाची साधी मजकूर फाइल ठेवा आणि दर वेळी तीच पुसून नवी लिहा. माझ्याकडची एक जशीच्या तशी:

'चालतं: ए४ एक्स्पोर्ट. बिघडलंय: कथेच्या नावात स्लॅश असला की सेव्ह होत नाही. पुढे: सेव्हच्या ओळीआधी नाव छापून बघ. हात लावू नकोस: कलर प्रोफाइलचा भाग, तो रविवारी.'

शेवटची ओळ विसरू नका. वीस मिनिटांच्या तुकड्यात मोठा गुंता सोडवायला घेतला की तो डोक्यात घेऊनच माणूस जेवायला बसतो, मग कुणी काय बोललं ते त्याला ऐकू येत नाही. उठताना कोड चालत्या स्थितीत असायला हवा. नसेल तर गिटने (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारा प्रोग्राम) मागच्या चालत्या जागी परत जायचं आणि उठायचं.

लोकलमध्ये लॅपटॉप उघडण्याचा विचार विरार फास्टने गेलेला माणूस करणार नाही. पण उभ्याने फोनवर डॉक्युमेंटेशन वाचता येतं, म्हणून दोन-चार पानं आधीच ऑफलाइन सेव्ह करून ठेवा. बसायला मिळालं तर छोट्या वहीत फ्लोचार्ट. चित्रकार असल्याचा फायदा इथे होतो, प्रोग्रामचा आकार आपल्याला काढून बघता येतो.

पाचवी पायरी: घरी नीट सांगा

घरून काम करणाऱ्याला घरचे 'घरीच तर असतेस' या सदरात टाकतात. कुरिअर, प्लंबर, सोसायटीच्या टाकीची सफाई, सगळं आपल्याकडे. त्यात स्क्रीनवर चित्र आहे की कोड, हे बाहेरून सारखंच दिसतं. आमच्या सासूबाईंनी एकदा विचारलं, "अगं, हे पैशाचं चाललंय की तुझं?" प्रश्न अगदी रास्त होता. तेव्हापासून घरात खूण ठरली: टेबललॅम्प लागलेला असेल तर पैशाचं काम, हाक मारायची नाही. लॅम्प बंद आणि मी बसलेली दिसले तर माझं, आणि मग हाक मारली तर मी उठायचं. सिलिंडर आला तर छंद उठतो, डेडलाइन उठत नाही. हा फरक स्वतःहून जाहीर केला की डेडलाइनच्या वेळचा लॅम्पही लोक मानतात.

जोडीदाराशी हिशोब वेगळा. तुमचा आठवड्याचा सलग तुकडा ज्या वेळी आहे, त्या वेळी मुलं, स्वयंपाक, आईंची औषधं कुणीतरी बघतंय. तेवढाच तुकडा त्याच्या किंवा तिच्या नावाने कालनिर्णयवर आधी लिहा, आधी म्हणजे खरोखर आधी. त्याने त्या वेळात क्रिकेट बघितलं तरी तो त्याचा प्रश्न, 'त्यापेक्षा काहीतरी कर' म्हणायचं नाही.

वन बीएचकेत टेबल एकच असेल तर जागाही वेळेसारखीच वाटून घ्यावी लागते. दहावीचं वर्ष असलेलं मूल घरात असेल तर त्या वर्षी टेबल त्याचं. तुम्ही अभ्यासिका किंवा जवळचं वाचनालय गाठा. टॅब्लेट घेऊन तिथे चित्र काढणं अवघड, पण कोड आणि बिलं होतात.

मुलांना प्रकल्प दाखवा, वापरू द्या. आठ वर्षांचं मूल बटण असं दाबतं की जे कुणी दाबणार नाही असं तुम्हाला वाटलं होतं, आणि तुमचा प्रोग्राम तिथेच पडतो. पण मूल 'मला यात रस नाही' म्हणालं की विषय सोडा. आपला छंद तिच्या किंवा त्याच्या सुट्टीचा क्लास होता कामा नये.

सहावी पायरी: बाहेर टाकताना शब्द कमी द्या

कोड खुला करावासा वाटला तर करा, त्यात मजा आहे. पण अनोळखी माणूस 'हे माझ्याकडे चालत नाही' असं लिहितो तेव्हा मनात देणं तयार होतं, आणि आपल्याला गिऱ्हाइकाला हो म्हणायची सवय असतेच. म्हणून रीडमी फाइलच्या, म्हणजे प्रकल्पाची ओळख सांगणाऱ्या फाइलच्या, सुरुवातीलाच लिहा की हा छंदाचा प्रकल्प आहे, उत्तर यायला महिना लागू शकतो, कदाचित येणारही नाही. नोटिफिकेशन फोनवरून बंद. उत्तरं फक्त त्या आठवड्याच्या सलग तुकड्यात.

लायसन्स टाकायला विसरू नका. ते नसेल तर लोकांना कोड दिसतो पण वापरायची परवानगी मिळत नाही. कुणी काहीही करो, फक्त श्रेय आणि लायसन्सचा मजकूर ठेवो, असं वाटत असेल तर एमआयटी. बदल करून पुढे वाटणाऱ्याने तेही खुलंच ठेवावं असं वाटत असेल तर जीपीएल. चित्रांसाठी वेगळं लायसन्स लिहा, क्रिएटिव्ह कॉमन्सपैकी एखादं, नाहीतर 'सर्व हक्क राखीव'. नमुना म्हणून गिऱ्हाइकाचं चित्र रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या खुल्या फोल्डरमध्ये, कधीच टाकू नका, जुनं असलं तरी. गिटहब, म्हणजे लोक कोड ठेवतात ती वेबसाइट, १०० एमबीवरच्या फाइल घेत नाही, तेव्हा लेयर्सच्या मोठ्या फाइल्सही तिथे जाणार नाहीत.

तुम्ही किंवा जोडीदार कुठे नोकरीला असाल आणि दोघं मिळून कोड लिहीत असाल, तर नेमणूकपत्रातलं बौद्धिक संपदेचं कलम वाचा. काही कंपन्यांची कलमं घरी लिहिलेल्या कोडपर्यंत हात पोचवतात. अशा वेळी एचआरकडून लेखी परवानगी घ्या आणि ऑफिसचा लॅपटॉप त्या कामाला वापरू नका.

पावसाचं थोडंसं

जूनच्या आधी बॅकअप. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी हार्डडिस्क पलंगाखाली ठेवू नये हे वेगळं सांगायला नको. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एक छोटा यूपीएस आणलात तर वीज गेल्यावर फाइल सेव्ह करण्याइतका वेळ मिळतो. जुलैत दिवाळी अंकाचं चित्र आणि बंद पडलेली वीज यांची गाठ पडतेच.

शेवटची पायरी: बाजूला ठेवण्याची पद्धत

एखाद्या वर्षी घरात आजारपण येतं, बाळ येतं, मोठं पुस्तक मिळतं. तेव्हा प्रकल्प 'जमेल तसा' चालू ठेवू नका, बंद करून ठेवा. एका बैठकीत होतं. कोड चालत्या स्थितीत आणा, 'पुढे'ची चिठ्ठी नेहमीपेक्षा सविस्तर लिहा, पायथनची आणि कृताची आवृत्ती त्यात नोंदवा, कारण दोन वर्षांनी दोन्ही बदललेल्या असतील. रीडमीत एक ओळ टाका की सध्या थांबवलंय. मग गिटहबच्या सेटिंग्जमध्ये 'अर्काइव्ह' करा. त्याने प्रकल्प वाचता येतो, उतरवून घेता येतो, पण नव्या तक्रारी घेत नाही. परत वेळ मिळाला की तिथूनच अर्काइव्ह काढता येतं. कुणी त्याआधीच त्याची प्रत घेऊन पुढे नेला असेल, तर त्याचं नाव तुमच्या रीडमीत लिहा आणि येणाऱ्यांना तिकडे पाठवा.